पाऊस पडला, पण किती?



शेतीखात्याच्या माणसाला गावात मान असतो. तो ओट्यावर टेकला की आधी पाण्याचा तांब्या येतो, मग चहा येतो, आणि मग प्रश्न येतो, "साहेब, पेरू का?" या प्रश्नाचे उत्तर मी कित्येक वर्षे फार सहज देत आलो. एकदा ते चुकले. ती हकिगत तुमच्यापुढे ठेवतो.

साल २०१५. लातूर जिल्ह्यातले एक गाव. मृगात दोन चांगल्या सरी आल्या, रान वरून काळेभोर दिसू लागले. एका घरी मी म्हणालो, "मृग साधलाय, पेरून घ्या." त्या घरच्या मावशींनी विकतचे सोयाबीन बियाणे आणून पेरले. कोंब वर आले, आणि पाऊस गेला तो तीन आठवडे फिरकलाच नाही. रोपे माना टाकून वाळली. दुबार पेरणीसाठी मावशींच्या कानातल्या कुड्या सावकाराकडे गेल्या. मी भेटायला गेलो तेव्हा त्या रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "साहेब, पाऊस किती झाला हुता, ते मोजलं हुतं का तुम्ही?"

मोजले नव्हते. मंडळाचा पर्जन्यमापक तिथून दोन कोसांवर होता. तिथे पडतो तेवढाच पाऊस या शिवारात पडतो, असे मी धरून चाललो होतो. बी. एस्सी. झालेल्या माणसाने असे धरून चालावे!

त्या वर्षी जिल्ह्यात पुढे काय झाले ते तुम्हाला ठाऊकच आहे. २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले.

आपले वाडवडील नक्षत्रांवर पेरीत, ते काही वेडे नव्हते. त्यांच्या काळी पावसाची चाल बरीचशी त्या हिशोबात बसत असे. आता हवा तापली आहे. हवा एक अंशाने तापली की तिच्यात सुमारे सात टक्के जास्त बाष्प मावते. मग ती ते बराच काळ धरून ठेवते आणि एकदम ओतते. मध्ये उघडीप लांबते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी इतरांच्या साथीने २०१७ साली दाखवून दिले, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या टापूवर एकाच वेळी होणाऱ्या अतिवृष्टीचे प्रसंग तिपटीने वाढले. अरबी समुद्राचे तापणे हे त्याचे एक कारण. म्हणजे वर्षाची बेरीज ठीक दिसते आणि पीक मात्र जाते.

मावशींनी माझ्याकडून मोजणे शिकून घेतले. सरळ भिंतीचा, सपाट बुडाचा पत्र्याचा डबा, झाडापासून आणि घरापासून दूर, खळ्याजवळच्या खुंटावर बसवलेला. रोज सकाळी त्यात नातवाची शाळेची पट्टी बुडवायची, आकडा कालदर्शिकेवर लिहायचा आणि डबा रिकामा करायचा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरावर सुमारे चार हजार लिटर पाणी, हे सांगितल्यावर त्या किती तरी वेळ डब्याकडे बघत राहिल्या. बेरीज ७५ ते १०० मिलिमीटर झाल्याशिवाय चाड्यावर मूठ धरायची नाही, आणि तरीही आधी खुरप्याने वीतभर उकरून ओल पाहायची, असे ठरले. घरच्या बियाण्याचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे. सत्तर उगवले तर बी चांगले. हे काम सुनेकडे. सोयाबीनमध्ये तूर घेतली आणि चार ओळींनंतर सरी पाडून रुंद वरंब्यावर पेरणी सुरू केली. जोराचा पाऊस आला तर जादा पाणी सरीतून निघते, खंड पडला तर ओल टिकते.

२०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. नेमक्या फुलोऱ्यात पाणी नाही. मावशींचे सोयाबीन निम्म्यावर आले; तुरीने घर सावरले.

मग आले २०२५. मे महिन्यातच पाऊस कोसळला. २६ मेला तर मोसमी वारे मुंबईत पोचले. इकडे डब्याची बेरीज पुरी झाली आणि मावशी तिफण काढायला निघाल्या. मी म्हणालो, "थांबा." पुढचा पाऊस कधी येईल याचा भरवसा नव्हता, खातेही घाई नको म्हणत होते. दहा वर्षांपूर्वी "पेरा" म्हणताना जीभ अडखळली नव्हती. या वेळी "थांबा" म्हणताना मला घाम फुटला. मोसमी वारे जूनच्या मध्यापर्यंत खरेच रेंगाळले. नव्या पावसाची बेरीज पुन्हा जुळल्यावर पेरणी झाली आणि उगवण छान आली.

पण त्याच सप्टेंबरात मराठवाड्यावर आभाळ फाटले. वरच्या रानात सऱ्यांनी पाणी काढून दिले, तिथले सोयाबीन हाती लागले. नाल्याकाठचे दीड एकर मात्र शेंगांसकट कुजले, वरची मातीही गेली. तिथे वरंबा, सरी, माझा सल्ला, कशाचाच उपयोग झाला नाही, हेही तुम्हाला सांगितलेच पाहिजे.

खळ्याजवळचा डबा पुरात वाहून गेला. कालदर्शिकेवर त्या दिवसाच्या चौकटीत आकडा नाही, नुसती आडवी रेघ आहे. मावशींनी नवा डबा आणला आहे. तो जुन्याच जागी बसवायचा की वरच्या रानात, यावर सासू-सुनेचे अजून एकमत झालेले नाही.