जामसंड्याचा सडा आणि संगणकाचा मुहूर्त

कोकण रेल्वेने कणकवलीस अथवा नांदगावास उतरावे, नांदगाव तिठ्यावरून पश्चिमेची वाट धरावी, शिरगाव मागे टाकावे, म्हणजे हळूहळू झाडी विरळ होऊन जांभ्या दगडाचा उघडा सडा दिसू लागतो. देवगडचे बंदर येण्यापूर्वी याच सड्यावर जामसंडे गाव लागते. देवगड बंदराकाठी, तर जामसंडे माथ्यावर. दोहोंची नगरपंचायत आज एकच आहे. गावात दिर्बा-रामेश्वराचे देऊळ आहे, बाजार आहे, आणि जिकडे पाहावे तिकडे कातळ फोडून लावलेल्या हापूसच्या बागा आहेत. जेथे गवताची काडी उगवेल अशी आशा नव्हती, तेथे सुरुंगाने खड्डे घेऊन, बाहेरून माती आणून झाडे जगविली. या गावाचा स्वभाव त्यावरून कळतो.

गेल्या हिवाळ्यात येथील एका स्नेह्याच्या घरी आम्ही काही दिवस राहिलो. घर चार भावांचे, एकत्र; पंगतीस सोळा पाने. त्या दिवसांत घरात एकच चर्चा होती: नवा संगणक जुळवून घ्यावयाचा की नाही, आणि घ्यावयाचा तर केव्हा. आंब्याच्या घरात संगणकाचे काय काम, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. परंतु देवगड हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, आणि परक्या आंब्यास देवगडचे नाव लावून विकणाऱ्यांस आळा बसावा म्हणून देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेने २०२५ च्या हंगामापासून प्रत्येक फळावर स्वतंत्र क्रमांकाची चिकटपट्टी लावण्याची योजना सुरू केली. फळागणिक क्रमांक, पेटीगणिक गिऱ्हाईक, मुंबई-पुण्याच्या मागण्या, पार्सलांच्या पावत्या, गड्यांची मजुरी; एवढा पसारा पूर्वीच्या लाल बासनातल्या वहीत मावत नाही.

घरातील संगणक २०१४ सालचा. त्यावर चालणाऱ्या ‘विंडोज १०’ या प्रणालीचा नित्याचा सांभाळ तिच्या कर्त्यांनी १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविला, आणि पुढची ‘विंडोज ११’ इतक्या जुन्या प्रोसेसरास रीतसर स्वीकारीत नाही. ज्या यंत्रावर बँकेचे व्यवहार होतात, ते अशा स्थितीत ठेवणे म्हणजे दाराची कडी निघाली असता घर उघडे टाकून जत्रेस जाण्यासारखे आहे.

मग मुहूर्ताचा वाद निघाला. थोरल्या भावांचे म्हणणे, थांबावे. संगणक दरवर्षी स्वस्त होतो. हे मत निराधार नव्हे. चकतीवर मावणाऱ्या सूक्ष्म घटकांची संख्या ठराविक काळाने दुप्पट होते, असे गॉर्डन मूर यांनी १९६५ साली लिहिले, आणि पुढे कित्येक दशके थांबणाराचाच लाभ झाला. परंतु पुण्यास शिकणाऱ्या पुतण्याने निराळे वर्तमान सांगितले. जगातील बहुतेक रॅम तीनच कंपन्या करतात: सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या अवाढव्य केंद्रांनी त्यांचा माल उचलण्यास आरंभ केला, त्यामुळे २०२५ च्या अखेरच्या काही महिन्यांतच घरगुती रॅमचे भाव दुपटीहून वर गेले. डिसेंबरात तर मायक्रॉनने सामान्य गिऱ्हाइकांसाठीची आपली ‘क्रुशल’ ही शाखा आवरण्याचे जाहीर केले. “म्हणून अण्णा, भाव उतरण्याची वाट पाहू, असे धाकटे काका म्हणतात, आणि अजून चढतील, आजच घ्या, असे दुकानदार म्हणतो,” असे सांगून तो गप्प बसला.

ओटीवरची ही चर्चा माजघरातून ऐकणाऱ्या मधल्या वहिनी तेव्हा उंबऱ्याशी आल्या. मागण्यांचे सारे हिशेब त्याच ठेवतात, हे आम्हांस तेव्हा कळले. त्या एवढेच म्हणाल्या, “भावजी, भाव उतरेपर्यंत आंबा झाडावर थांबणार आहे का?” यावर कोणासच उत्तर सुचले नाही. फेब्रुवारीत मागण्या सुरू होतात. एप्रिल-मे महिन्यांत श्वास घेण्यास सवड नसते. जूनमध्ये पैसा हाती येतो, पण तेव्हा काम सरलेले असते. आमच्या मते मुहूर्ताचा निर्णय त्या एका वाक्यात झाला. बाजाराच्या चढउतारापेक्षा आपल्या कामाचा काळ हाच खरा काळ होय.

काय घ्यावे, हा प्रश्न त्यानंतर सोपा झाला. पंचांगास जशी पाच अंगे, तशी या यंत्राचीही मुख्य अंगे पाचच धरावीत: प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी आणि विजेचा पुरवठा करणारा एसएमपीएस. हिशेब, पत्रे व छायाचित्रे एवढेच काम असेल, तर चित्रशक्ती अंगभूत असलेला मध्यम प्रोसेसर पुरे. वेगळे ग्राफिक्स कार्ड घेणे हा निव्वळ अपव्यय. मदरबोर्ड मात्र असा पाहावा की, पुढे प्रोसेसर बदलता येईल. कारण खोबणीचा नमुना बदलला की सारेच बदलावे लागते. २०२२ साली आलेली एएमडीची ‘एएम ५’ खोबणी निदान २०२७ पर्यंत चालविण्याचे त्या कंपनीने सांगितले आहे, म्हणून तीच ठरली. महागलेल्या रॅमची सोळा जीबीची एकच पट्टी घ्यावी, दुसरी खाच रिकामी ठेवावी आणि भाव उतरल्यावर भरावी, अशी तोड निघाली. एका पट्टीने वेग थोडा उणा राहतो. हिशेबाच्या कामास तो जाणवत नाही. जुना मॉनिटर व कळफलक कायम राहिले.

जामसंड्यास याहून मोठी चिंता हवेची व विजेची. समुद्राची खारी दमट हवा पंख्यावाटे आत शिरून पत्रा व सांधे गंजविते. म्हणून पावसाळ्यात यंत्र रोज काही वेळ चालवून आतून उबदार ठेवावे, आणि फटी जाळीने बंद कराव्या, म्हणजे मुंग्या व पालीही दूर राहतात. दुसरे, जांभ्या कातळात अर्थिंग नीट लागत नाही. उन्हाळ्यात सडा कोरडा पडला की जमीन वीज ओढून घेत नाही. यासाठी खोल खड्ड्यात कोळसा व मीठ घालून त्यास नियमाने पाणी द्यावे लागते. वळवाच्या व परतीच्या पावसात विजा चमकू लागल्या की प्लग काढून ठेवणे हेच खरे संरक्षण. यूपीएस हवाच, परंतु तो काम जपून ठेवण्यापुरता. मे २०२१ मधील तौक्ते वादळाने या किनाऱ्याची दैना केली, तेव्हा वीज कित्येक दिवस नव्हती. म्हणून हिशेबांची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवण्याचा नियम वहिनींनी घालून दिला.

सुटे भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणावेत की कोल्हापुराहून, हाही विचार झाला. मुंबईस भाव थोडा कमी. परंतु भाग बिघडला तर हमीच्या दुरुस्तीसाठी तो परत पाठविण्यात हंगामाचे दिवस जातात. सबब चार पैसे अधिक देऊन जवळचा, बिल देणारा दुकानदार पत्करला. जुन्या संगणकासही अडगळ दाखविली नाही. त्यात छोटी एसएसडी बसवून ‘लिनक्स’ ही विनामूल्य प्रणाली घातली, आणि घरातील मुली त्यावर इनस्क्रिप्ट कळफलकाने मराठी टंकलेखन शिकू लागल्या.

नवे यंत्र जानेवारीत जुळले, तेव्हा बागेत मोहोर दरवळत होता. कातळात झाड लावताना जामसंडेकर आधी खड्डा पाहतात, माती पाहतात, पाणी कोठून येईल ते पाहतात, आणि मगच कलम आणतात. यंत्राच्या बाबतीतही त्या घराने हाच क्रम पाळला. ज्या कुटुंबात खरेदीपूर्वी काम करणाराचे मत विचारले जाते, तेथे वस्तू जुनी होते, पण वाया जात नाही.