तिसरा रविवार

मुंबई मॅरेथॉन २००४ मध्ये सुरू झाली. पहिली फेब्रुवारीत झाली. पुढे जानेवारीचा तिसरा रविवार ठरून गेला. लातूरच्या घरात भिंतीवर नऊ पदके आहेत. खिळा एकच आहे, वजनाने थोडा वाकलेला.

वेळ मोजणारी, बुटाच्या नाडीला बांधायची चिप गेली. शर्यत संपल्यावर ती सोडवून परत द्यावी लागे. बेचाळीस किलोमीटरनंतर कंबर वाकत नसे. शेजारचा अनोळखी माणूस खाली बसून नाडी सोडायचा. आता चिप छातीवरच्या नंबरामागे चिकटवलेली असते.

डोंबिवलीची खोली सुटली. तिघे लातूरचे, एक नांदेडचा. शनिवारी रात्री भाताचे पातेले मोठे लागे. सोबत गावाकडून आलेल्या येसराची आमटी. नांदेडचा सगळ्यांत आधी परतला. तो आता विष्णुपुरीकडे, विद्यापीठाच्या रस्त्याने धावतो.

पेडर रोडचा चढ परतीच्या वाटेवर लागतो. पाय तिथेच जड होतात. तिथे एक आजी स्टीलचा डबा घेऊन उभ्या असत. डब्यात मीठ लावलेल्या संत्र्याच्या फोडी, बिया काढलेल्या. चार वर्षे त्याच बसथांब्याशी. पाचव्या वर्षी थांबा होता.

वांद्रे-वरळी सागरी सेतूवर पायी जायला मनाई आहे. २०१० पासून वर्षातली ती एक सकाळ तेवढी मोकळी मिळाली. मुंबई इतकी शांत एरवी कुठेच भेटली नाही. समुद्राच्या वर फक्त बुटांचा आवाज असे.

१७ जानेवारी २०१६. हाजी अलीच्या पुढे रस्ताभर अर्ध्या भरलेल्या बाटल्या पडल्या होत्या. पायाखाली फुटत होत्या. पाणी कडेने गटाराकडे जात होते. त्या महिन्यात लातूरच्या घरी टँकर आला की अंघोळी होत. मार्चमध्ये शहरातल्या पाणवठ्यांभोवती जमावबंदी लागली. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्यानंतरच्या प्रत्येक शर्यतीत बाटली रिकामी होईपर्यंत हातात राहिली. त्यात वेळ जातो. जाऊ दिला.

पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ ला रस्त्यावरून गेली. धावून आल्यावर मागच्या सीटवर आडवे व्हायला तिच्यासारखी दुसरी गाडी नव्हती.

लातूर एक्स्प्रेस रात्री सुटायची, सकाळी घरी. लातूर शेवटचे स्टेशन होते, म्हणून निर्धास्त झोप लागे. डबा झाडणारा उठवायचा. २०१७ मध्ये गाडी बिदरपर्यंत नेली. लातुरात आंदोलन झाले. आता आठवड्यातले काही दिवस ती पुढे जाते. त्या दिवशी जागे राहावे लागते.

२०२१ आणि २०२२ मध्ये शर्यत झाली नाही. त्याच काळात खोलीची किल्ली मालकाला दिली. अनामत रकमेतून रंगाचे पैसे वजा झाले. सामान दोन पिशव्या निघाले. बूट हातात आणले.

ते बूट आता हरंगुळच्या रस्त्याला वापरात आहेत. जानेवारीत कडेची ज्वारी हुरड्यात येते. पहाटे राखणीला आलेला म्हातारा आगटीपाशी बसलेला असतो. तो रोज विचारतो, कुणाच्या घरी जायलाव एवढ्या घाईनं.

१५ जानेवारी २०२३ ला शर्यत पुन्हा सुरू झाली. नाव नोंदवले नाही.