काटा काय सांगतो?

माणसानं आयुष्यात तीन आकडे ऐकावेत, मान डोलवावी आणि सोडून द्यावेत. एक, स्थळाच्या चिठ्ठीतली मुलाची उंची. दोन, प्लॉटच्या जाहिरातीतलं स्टेशनपासूनचं अंतर. आणि तीन, जुन्या गाडीच्या काट्यावरचे किलोमीटर. पहिल्या दोहोंशी माझा संबंध केव्हाच संपला होता. तिसऱ्यानं मात्र मला साठी उलटल्यावर गाठलं.

याला कारण आमचे मेव्हणे. २०२१ साली महाराष्ट्र सरकारनं कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं. ते कात्रण मेव्हण्यांनी जपून ठेवलं आणि मी निवृत्त झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी माझ्यापुढे टाकलं. कॅरॅव्हॅन म्हणजे चाकांवरचं बिऱ्हाड. झोपायला फळी, कोपऱ्यात शेगडी, डोक्यावर पाण्याची टाकी. आता आमचं चाळीसगाव म्हणजे रेल्वेचं जंक्शन. इथे 'गाडी' म्हटलं की माणूस आधी सिग्नलकडे बघतो. जन्मभर मी गाड्या पाहिल्या त्या मुंबईकडे किंवा भुसावळकडे निघून जाणाऱ्या. फारच झालं तर धुळ्याची. स्वतःची गाडी, आणि तीही पलंगासकट, या कल्पनेनं मी हुरळलो.

सौ. हुरळली नाही.

"म्हणजे चाळीस वर्षं या स्वैपाकघरात काढली, आता सहलीलाही ते बरोबर न्यायचं?" ती म्हणाली. "आणि फंडाचे पैसे घालून जुनी गाडी! ती स्कूटर आठवते ना?"

स्कूटर आठवते. 'एकाच डॉक्टरनं वापरलेली' म्हणून घेतली होती. डॉक्टर बहुधा घोड्यांचा असावा. त्या स्कूटरवर मी जितका बसलो, त्याहून अधिक तिच्या शेजारून चाललो.

म्हणून या खेपेला ओळखीचे मिस्त्री बरोबर घेतले. तीस वर्षं डिझेलच्या वासात काढलेला माणूस. मेव्हण्यांनी हेरलेली पहिली गाडी एका दलालाकडे उभी होती. टेम्पो ट्रॅव्हलर, २०१६ची, म्हणजे आठ वर्षांची. आत प्लायवूडचे पलंग आणि फुलाफुलांचे पडदे.

"मायलेज किती?" मी ऐटीत विचारलं.

"अकरा देते, साहेब."

आपल्याकडे हे असं आहे. गाडी लिटरमागे किती जाते, हे कोणीही सांगतं. आजवर किती गेली, हे विचारणं जरा अशिष्ट समजतात.

"तसं नव्हे. झालेत किती?"

"एक्केचाळीस हजार फक्त." चेकवर लिहितात तसं 'फक्त' तो म्हणाला. मेव्हणे तिथेच पलंगावर आडवे होऊन लांबी बघू लागले.

मिस्त्रींनी काट्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. आधी बॉनेटवर तळहात ठेवला. "गरम शे," ते म्हणाले. आम्ही येण्याआधीच गाडी चालू करून ठेवली होती. गार इंजिन किती खोकतं, ते आम्हांला कळू नये म्हणून. मग ते वाकले आणि क्लचच्या पायट्यावरचं रबर दाखवलं. ते माझ्या डोक्यासारखं गुळगुळीत झालं होतं. "देखा भाऊ. काटा खोटं बोलस, रबर नही बोलत."

पुढे टायर. टायरच्या कडेला चार आकडे असतात, हे मला साठीनंतर कळलं. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. इथे होतं २२२०, म्हणजे २०२० सालचा बाविसावा आठवडा. कंपनीतून आलेले टायर केव्हाच गेले होते आणि हा नंतरचा जोडही टकला होत आला होता. मग इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण उघडलं. आतून भकाभक धूर आला, विडी ओढणाऱ्या आजोबांनी तोंड उघडावं तसा.

"पलंग बसवायच्या आधी गाडी काय करायची?" मिस्त्रींनी सहज विचारलं.

"चार वर्षं रोज धुळ्याची फेरी," दलाल तितक्याच सहज बोलून गेला.

मिस्त्रींनी काचेवरच्या धुळीत बोटानं गणित मांडलं. धुळं धरा पंचावन्न किलोमीटर. जाऊन-येऊन एकशे दहा. महिन्याचे पंचवीस दिवस, म्हणजे २,७५०. वर्षाचे ३३,०००. चार वर्षांचे १,३२,०००. आणि काटा म्हणतो एक्केचाळीस हजार! पूर्वी काट्याची केबल काढून ठेवत किंवा आकडे हातानं मागे फिरवत. आता आकडे डिजिटल झालेत. लॅपटॉप जोडला की चहा उकळेपर्यंत गाडी तरुण.

दुसरी गाडी पाचोऱ्याला, एका वयस्क ड्रायव्हरांची. त्यांनी ती स्वतःला आणि बायकोला फिरायला सजवली होती. गुडघे गेले म्हणून विकत होते. आरसी बुकात आतल्या बदलांची नोंद होती. काट्यावर २,३७,०००. आकडा ऐकून मेव्हणे चपला शोधू लागले. पण ड्रायव्हरकाकांनी आतून एक लाल वही आणली. तारीख, किलोमीटर, ऑइल बदललं, फिल्टर बदलला, पट्टा बदलला. पहिल्या दिवसापासून ओळीखाली ओळ. मिस्त्रींनी ती पोथीसारखी मांडीवर घेऊन वाचली.

परतताना त्यांनी मला समजावलं. डिझेल इंजिनाला चालणं मानवतं. ऑइल वेळेवर मिळालं तर दोन-अडीच लाख ही काही त्याची शेवटची घटका नव्हे. वाईट ते उभं राहणं. रबरी नळ्या तडकतात, टायर न झिजताच म्हातारे होतात, टाकीत पाणी धरतं, ब्रेक गंजून बसतात. आणि ही घरवाली गाडी तर वर्षातून महिनाभर फिरते नि अकरा महिने अंगणात उभी असते. तेव्हा किलोमीटर कमी, ही अर्धीच स्तुती.

चाळीसगावच्या माणसाला खरं म्हणजे हे सांगावं लागू नये. आमचे केकी मूस स्टेशनजवळच्या बंगल्यात राहिले आणि १९८९ साली जाईपर्यंत अनेक दशकं घराबाहेर जवळजवळ पडलेच नाहीत. पण घरात बसून काढलेल्या फोटोंनी देशविदेशांत बक्षिसं मिळवली. त्यांची किंमत काटा बघून कोण करणार? आकड्यानं गाडीही कळत नाही आणि माणूसही.

शेवटची परीक्षा कन्नडच्या घाटात. या वेळी सौ.लाही नेलं. चढावर मिस्त्री मागे बघत धूर वाचत होते. काळा दाट असेल तर डिझेल नीट जळत नाही, निळा असेल तर इंजिन ऑइल पितंय, गरम झाल्यावरही पांढरा असेल तर आणखी काही दुखणं. यातलं काही दिसलं नाही. सौ. मात्र धूर सोडून ती वहीच वाचत होती.

"ज्या माणसानं गाडीचं दुखणंखुपणं इतकं लिहून ठेवलं, तो फसवायचा नाही," ती घाटमाथ्यावर म्हणाली. "घ्या. पण शेगडी तुमच्याकडे."

गाडी आता अंगणात आहे आणि वही सौ.च्या ताब्यात. परवा चाळता चाळता मागच्या पानावर माझं नाव दिसलं. खाली नोंद: 'चढावर धाप. रक्तदाब बरा. तेल कमी करणे.'

तिच्या नावाचं पान मात्र नव्हतं. ते मी उघडलं. चाळीस वर्षांचे किलोमीटर मांडायला बसलो. ओट्यापासून नळापर्यंत, नळापासून गच्चीपर्यंत, गच्चीवरून पुन्हा ओट्याशी. मिस्त्रींसारखं महिन्याला पंचवीस दिवस धरावेत, तर तिला सुट्टीचा दिवस एकही सापडेना. शेवटी 'काटा बसवलेला नव्हता' एवढंच लिहिलं, आणि उठून चहाचं आधण ठेवलं.