कालव्यावरचा डास

गेल्या वर्षी जूनमध्ये भाच्याकडे कॅनडात ओटावाला जाण्याचा योग आला. आम्हा कारकुनांना एवढा प्रवास कुठला परवडायला! तिकीट त्यानेच काढले. "मामा, आधी लॉक बघू," म्हणाला. मला वाटले, कुलपांचे संग्रहालय असेल.

पार्लमेंटच्या टेकडीला लागून दगडी हौदांची उतरंड आहे. एकाखाली एक आठ हौद, त्यांना भक्कम लाकडी दरवाजे. रिडो कालवा ओटावा नदीपेक्षा सुमारे ८० फूट उंच. हे अंतर बोटी या हौदांतून चढतात-उतरतात. बोट आत आली की मागचा दरवाजा बंद करतात, झडपेतून पाणी खाली सोडतात. दोन्हीकडचे पाणी एका पातळीला आले की पुढचा दरवाजा उघडतो. हे सारे काम आजही कर्मचारी हाताने दांडा फिरवून करतात. दोन तरुण मुली दांड्यावर घाम गाळत होत्या.

हा २०२ किलोमीटरचा कालवा इंग्रजांनी १८२६ ते १८३२ मध्ये बांधला, अमेरिकेशी पुन्हा लढाई झालीच तर रसद नेता यावी म्हणून. ती लढाई झालीच नाही. मजूर मात्र मेले. आयरिश आणि फ्रेंच-कॅनेडियन माणसे दलदलीत खोदत होती. हिवताप, सुरुंग, अपघात. सुमारे हजार जण दगावले असे मानतात. बांधकामाचे प्रमुख कर्नल जॉन बाय यांचा पुतळा वरच्या बागेत आहे. मजुरांच्या स्मृतीचा दगडी क्रूस लॉकजवळ उभा राहिला तो २००४ साली, कालवा झाल्यावर १७२ वर्षांनी. त्यावर कुदळ-फावडे, ढकलगाडी आणि चक्क डास कोरला आहे. त्या डासापाशी मी बराच वेळ उभा राहिलो.

१९७२ च्या दुष्काळात माझी आई पंधरा-सोळा वर्षांची होती. पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायची, सुकडीवर दिवस काढायचे. त्या बांधावर उद्घाटन करणाऱ्या पुढाऱ्याच्या नावाची फरशी आहे. लहानपणी आम्ही तिच्यावर बसून बोरे खायचो.

रात्री नऊला आईला फोन लावला. गावी सकाळचे साडेसहा. डासाचे सांगितले तशी हसली, मग गप्प झाली.

"आमच्या टोळीतली पण एक पोर गेली रं, दरड पडून."

एवढ्या वर्षांत हे तिने कधी सांगितले नव्हते. मीही कधी विचारले नव्हते. टोळीत कोण कोण होते, विचारले. तिने आठवून आठवून नऊ नावे सांगितली. मी ती वाणसामानाच्या बिलामागे लिहून घेतली. दोघींची आडनावे तिला आठवेनात. शेजारच्या काकूंना विचारून सांगते म्हणाली.