दलम सोडल्यावर

गडचिरोलीत कुणी शरण आलं की फोटो ठरलेला असतो. मागे फलक, पुढे अधिकारी, मधे मान खाली घातलेली माणसं. 15 ऑक्टोबर 2025 ला भूपती, म्हणजे मल्लोजुला वेणुगोपाल राव, साठ साथीदारांसह मुख्यमंत्र्यांसमोर आला तेव्हा हाच फोटो देशभर छापून आला. भूपती माओवादी पक्षाची पत्रकं लिहिणारा, दंडकारण्यात हयात घालवलेला. त्याच्याविषयी रकाने भरले. विशी-पंचविशीत जंगलातून बाहेर पडणाऱ्यांविषयी मात्र फोटोपुढे कुणी लिहीत नाही.

*

ही पोरं मार्क्स वाचून गेली नव्हती. रात्री दलम, म्हणजे नक्षलवाद्यांची सशस्त्र तुकडी, गावात यायचं, सभा व्हायची, गोंडी-माडियातली गाणी व्हायची. नक्षलवाद्यांच्या चेतना नाट्य मंचात नाचायला गेलेली मुलगी पुढे बंदूक घेऊन चालू लागे. कुणी घरच्यांनी ठरवलेल्या लग्नातून सुटायला गेली, कुणी वनखात्याच्या दंडेलीला वैतागून, कुणी दलमनं घरटी पोर मागितलं म्हणून. त्यांचं मतपरिवर्तन करायला व्याख्याते बोलावणं मला हास्यास्पद वाटतं.

*

दलममध्ये लग्नाला वरची परवानगी लागते आणि मूल चालत नाही. लग्न करणाऱ्या पुरुषाची नसबंदी करतात. शरण आलेल्या कित्येक जोडप्यांनी बाहेर पडण्याचं एक कारण हेच सांगितलं आहे: संसार हवा होता. छत्तीसगडात सरकारी खर्चानं नसबंदी उलटवण्याच्या शस्त्रक्रिया झाल्या. पुनर्वसनावरच्या परिसंवादांत हा विषय सहसा निघत नाही. माणसाला जंगलातून ओढून आणण्यात मात्र त्याचा वाटा मोठा.

*

मग कागद. दलममध्ये गेलं की नाव बदलतं, आणि तिथल्या नावावर काही आधार कार्ड निघत नाही. महाराष्ट्राची आत्मसमर्पण योजना 2005 पासूनची. रक्कम दलममधल्या हुद्द्याप्रमाणे. पण रक्कम जमा व्हायला खातं हवं, खात्याला ओळख हवी, आणि शाळेचं तोंडच पाहिलं नसेल तर जन्मतारीख कुठून आणायची? जातीचा दाखला, रेशनकार्ड, मतदार यादी. ज्या राज्यसत्तेविरुद्ध लढायचं शिकवलं होतं, तिच्या खिडकीपुढे रांग लावायची. नवं आयुष्य सुरू होतं ते इथे.

*

गावी जाता येत नाही. शरण आलेल्यांना नक्षलवाद्यांनी खबऱ्या ठरवून मारल्याच्या घटना सगळ्यांच्या लक्षात आहेत. म्हणून गडचिरोली शहरालगत त्यांची वेगळी वसाहत झाली. भामरागड तिथून पावणेदोनशे किलोमीटर. बायकांच्या गटानं वर्ध्याच्या ग्रामीण औद्योगिकीकरण संस्थेकडून शिकून फिनाईल बनवायला घेतलं, काही जण शिवणकामाला लागले. ठीकच आहे. पण मोहफूल वेचणं, तेंदूपानाचा हंगाम, धानाचा बांध, हे सगळं तिकडेच राहिलं.

*

सूरजागडची गंमत बघा. डिसेंबर 2016 मध्ये तिथल्या लोहखाणीवरची सत्तरहून अधिक वाहनं नक्षलवाद्यांनी जाळली. आज ती खाण चालवणाऱ्या कंपनीच्याच कोनसरीच्या कारखान्यात शरण आलेले तरुण कामाला आहेत. पगार वेळेवर, गणवेश, ओळखपत्र. दुसरीकडे सूरजागडच्या डोंगराला ठाकूरदेवाचं ठाणं मानणाऱ्या गावांचा खाणीला विरोध आहे, आणि तो बंदुकीविना आहे. नोकरी मिळालेल्या पोरानं त्या गावांच्या बाजूनं तोंड उघडलं तर? रोजगार म्हणजेच पुनर्वसन असं मानणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं.

*

ज्यांच्या घरातला माणूस खबऱ्या म्हणून मारला गेला, तेही माडिया आदिवासीच. शरण आलेल्याला घर मिळतं हे त्यांना दिसतं. म्हणून दोघांना गावासोबत बसवून बोलणी करायची सोय योजनेत असायला हवी.

*

शेवटचं टिपण बंदुकीचं. छत्तीसगडात सलवा जुडुम या नक्षलविरोधी मोहिमेच्या काळात आदिवासी पोरांना विशेष पोलीस अधिकारी करून लढायला लावलं; जुलै 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते घटनाबाह्य ठरवलं. तरी पुढे तिथल्या पोलिसांच्या डिस्ट्रिक्ट रिझर्व्ह गार्डमध्ये शरण आलेल्यांची भरती झालीच. जंगलाच्या वाटा त्यांना ठाऊक, म्हणून सोयीचं. कालचे सोबती समोर, आणि गावातलं घर मागे उघडं. चकमकींच्या आकडेवारीत हे यश म्हणून मोजतील. मी याला पुनर्वसन म्हणणार नाही. शरण आलेल्या पोराच्या हाती सरकारनं पुन्हा बंदूक देऊ नये.