इनकमिंग 110, आउटगोइंग 25

आमच्या पिढीला काही आकडे पाढ्यांसारखे पाठ आहेत. मेल येण्याचा पोर्ट 110, जाण्याचा 25. 15 ऑगस्ट 1995 रोजी विदेश संचार निगमाने इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुलं केलं. पुढे ज्यांच्या घरी संगणक आला, त्यांच्याकडे युडोरा किंवा आउटलुक एक्सप्रेसही आलं. कनेक्शनबरोबर एक कागद मिळायचा. त्यावर युजरनेम, पासवर्ड आणि दोन सर्व्हरची नावं असायची. तो कागद आम्ही टेलिफोन डायरीत घडी घालून जपला.

आज असा कागद लागत नाही. थंडरबर्डसारखा प्रोग्रॅम उघडायचा, पत्ता आणि पासवर्ड टाकायचा, की सर्व्हर, पोर्ट, सगळं तो स्वतःच हुडकून काढतो. जे काम तेव्हा अख्खी संध्याकाळ खायचं, ते आता चहा गार व्हायच्या आत उरकतं.

ती संध्याकाळ मात्र क्वचितच एकट्याची असायची. कुणाचं तरी खातं अडायचं आणि जाणत्या भाच्याला फोन जायचा. "मेल येतो, पण जात नाही." एवढ्यावरून अर्धं निदान व्हायचं. "काका, टूल्समध्ये अकाउंट्स उघडा, तुमचं खातं निवडून प्रॉपर्टीज दाबा. आता वरचा दुसरा टॅब, सर्व्हर्स. अगदी खाली एक रिकामी चौकट दिसतेय? तिथे टिक करा." माझ्या सर्व्हरला ओळख पटवावी लागते, अशा अर्थाची ती चौकट असायची. घरात फोनची लाइन एकच, त्यामुळे तपासायचं तर आधी फोन ठेवावा लागे. मग मोडेमची किरकिर, स्वतःच्याच पत्त्यावर 'टेस्ट' लिहून धाडलेला मेल, आणि तो आला की पुन्हा फोन : "आला रे!" तिकडे भाचा रिसीव्हरजवळ थांबलेला असायचा.

आता फोन येतो तो स्क्रीन ताब्यात घ्या म्हणून. दूर बसून आपण काकांच्या माऊसचा बाण हलवतो, दोन मिनिटांत काम होतं, काका आभार मानतात. तेव्हा वेळ जायचा, पण काका शिकायचे. आता वेळ वाचतो, पण काका नुसते बघत राहतात.

जाणत्यांचं आणखी एक हत्यार होतं, टेलनेट. काळी खिडकी उघडायची, सर्व्हरचं नाव आणि 110 टाकायचं. सर्व्हर जागा असेल तर अधिकचं चिन्ह आणि 'ओके' उमटे. मग 'युजर', 'पास' आणि शेवटी 'स्टॅट' टाइप केलं, की पेटीत किती मेल पडलेत आणि त्यांचं एकूण वजन किती, हे दोन आकड्यांत समोर यायचं. इथपर्यंत पोचलात तर सर्व्हर ठीक, दोष आपल्या प्रोग्रॅममध्ये. यंत्राशी असं थेट बोलता येतं, याचं आम्हाला केवढं अप्रूप होतं!

पण त्याच काळ्या खिडकीत त्या काळाचं वैगुण्यही दिसत होतं. आपला पासवर्ड उघड्या अक्षरांत तारेवरून जात होता, वाटेत कुणीही वाचावा असा. 25 वर गेलं, तर कुणाच्याही नावाने मेल धाडता येत होता. आउटलुक एक्सप्रेसमधली एखाद्या फोल्डरची फाइल 2 जीबीच्या घरात गेली की बिघडायची आणि वर्षानुवर्षांची पत्रं एका झटक्यात जायची. ज्यांची गेली, त्यांना जुन्या दिवसांचं कौतुक सांगू नये.

आज 110 ची जागा 995 किंवा 993 ने घेतली आहे आणि मजकूर कुलूपबंद होऊन जातो. 2022 पासून गूगलने वैयक्तिक खात्यांचा नेहमीचा पासवर्ड थेट अशा प्रोग्रॅमच्या हाती देण्याची वाटही बंद केली. आता ब्राउझरची खिडकी उघडते, मोबाइलवर खात्री होते, मगच प्रवेश मिळतो. हे चांगलंच झालं. दुखतं ते वेगळंच. अडलं, की स्क्रीनवर एवढंच येतं : काहीतरी चुकलं, थोड्या वेळाने प्रयत्न करा. तेव्हाचा 0x800CCC0E हा संदेश दिसायला भीतिदायक होता, पण सर्व्हरशी जोडणीच होत नाही, हे तो स्पष्ट सांगायचा. त्याचा पत्ता धरून शोधत जाता यायचं. आजचा संदेश दिसायला सभ्य आहे, पण शोधायला कुठून सुरुवात करायची, तेच सांगत नाही.

म्हणून आम्हाला 110 परत नको, मोडेमही नको. का अडलं, हे कळण्याचा हक्क तेवढा हवा. तो कंपन्या देतील तेव्हा देतील, घरात मात्र आजच देता येईल. काकांचा पुढचा फोन आला, की स्क्रीन ताब्यात घेण्याआधी समोर काय लिहिलंय ते त्यांनाच मोठ्याने वाचायला सांगावं. दुरुस्ती जरूर करावी, पण त्यांच्या हातून.