फुलीचं गवत

अगदी जवळ जाऊन पाहिलं तर ते गवत नाहीच. एकमेकांना फुलीसारखे छेदणारे दोन सपाट चौकोन, त्यांवर पात्यांचं चित्र आणि पात्यांमधली जागा पारदर्शक. ट्रेन सिम्युलेटरमधल्या गवताचा देह एवढाच. त्याची सगळी अब्रू लोको पायलटच्या खिडकीवर अवलंबून: थोडं उंचावरून, तिरकं आणि धावत्या गाडीतून बघितलं तर ते उत्तम गवत आहे. वरून बघा, फुली दिसते. गाडी थांबवून बघा, दातेरी कडा दिसतात.

त्याची नेमणूक झाली ती जमिनीमुळे. 2001 साली आलेल्या मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटरमध्ये जमीन 2048 मीटर बाजूच्या चौकोनांत कापलेली होती आणि उंचीची नोंद दर 8 मीटरला एक. म्हणजे 8 मीटरच्या आत काय घडतं ते जमिनीला ठाऊकच नाही. शेताचा बांध, चर, ओहोळ, सगळं त्या फटीतून गळून जातं. रुळांचा भराव शेताला मिळतो तिथे इस्त्रीच्या घडीसारखी सरळ रेघ उमटते, आणि मातीचं एकच चित्र शेजारी शेजारी लावल्यामुळे टेकडीवर फरशी घातल्याचा भास होतो. अशा जागी गवताला उभं करतात. लग्नघरात पाहुणे यायच्या आत पोपडे गेलेल्या भिंतीपुढे कपाट सरकवणाऱ्या काकू असतात ना, त्या खात्यातलं हे काम.

स्वभाव मात्र थोडा कामचुकार. लांबच्या वस्तूंसाठी संगणक चित्राची लहान आवृत्ती वापरतो. तिच्यात बारीक पातं एका ठिपक्याहूनही लहान होतं, आजूबाजूच्या पारदर्शकतेत मिसळून फिकं पडतं आणि शेवटी गाळलंच जातं. त्यामुळे पुढचं माळरान टकलं दिसतं आणि इंजिन जवळ आलं की गवत घाईघाईने हजर होतं. जाणकार रूट बनवणारे यावर गवत वाढवत बसत नाहीत. ते खालच्या मातीचाच रंग गवताच्या रंगाशी जुळवून घेतात. मग दूरचं गवत गैरहजर असलं तरी हजेरीपटावर सही दिसते. माझ्या मते निम्मी कला याच रंगजुळणीत आहे, आणि नवशिके नेमके तीच सोडून पाती मोजत बसतात.

उन्हाचीही एक खोड आहे. फुलीचा एक चौकोन सूर्याकडे तोंड करून असतो, दुसरा पाठ फिरवून. त्यामुळे एकाच पुंजक्यात अर्धं गवत उजळ, अर्धं काळं. उपाय साधा आणि धूर्त: प्रकाशाचा हिशेब करताना दोन्ही चौकोनांची तोंडं खालच्या जमिनीप्रमाणे आकाशाकडे आहेत असं संगणकाला सांगायचं. खोटं बोलल्यावरच ते खरं दिसतं.

पुढे त्याला बढत्या मिळाल्या. 2017 साली आलेल्या ट्रेन सिम वर्ल्डमध्ये चालक केबिनमधून उतरून चालू लागला, म्हणजे इतकी वर्षं काचेआडून होणारी तपासणी बुटांच्या उंचीवर आली. ट्रेन्झ या दुसऱ्या ट्रेन सिम्युलेटरच्या 2019च्या आवृत्तीत गवताचा वेगळा थरच अंथरता येऊ लागला. वाऱ्याची युक्तीही आहे: वरची टोकं हलवायची, बुडखा जागेवर.

हे पात्र आपल्याकडे आलं की त्याची खरी पंचाईत होते. मायक्रोसॉफ्टच्या त्या खेळात ऋतू चार: स्प्रिंग, समर, ऑटम, विंटर. त्यातल्या इंग्लंडच्या सेटल–कार्लाइल मार्गाला ते पुरतात. पाऊस होता, पण हवामान म्हणून, पावसाळा नव्हता. आता कर्जत–लोणावळा रचायचा तर काय करणार? बोरघाटात 1:37 च्या चढावर मागून बँकर इंजिनं रेटा देत असतात, आणि बाजूचं गवत ऑगस्टमध्ये ओलं, अंगावर येणारं, तर एप्रिलमध्ये तपकिरी, कुठे वणव्याने काळं झालेलं. स्प्रिंगच्या फोल्डरात पावसाळा भरता येतो. पण हाताशी आहे म्हणून विलायती कुरणाचा तो धुतलेला हिरवा रंग घाटात ओतला, की पळसदरीच्या पुढे कुठेतरी मेंढ्या दिसतील असं वाटायला लागतं.

आणि कुठे उगवायचं नाही, हेही त्याला शिकवावं लागतं. मेन लाइनच्या खडीत ते शोभत नाही. खडी स्वच्छ ठेवणं हे ट्रॅकवर राबणाऱ्यांचं रोजचं काम असतं. स्लीपरांमध्ये हिरवे तुरे दिसले तर पहिली तक्रार चित्रकाराची नाही, पी-वेवाल्यांची, म्हणजे रुळांची देखभाल करणाऱ्यांची, यायला हवी. गवताची हौस भागवायची तर गंजक्या सायडिंगला न्यावं. डेड एंडच्या बफरपाशी, वर्षानुवर्षं न हललेल्या वाघिणीच्या चाकांत, ते हवं तितकं माजलं तरी कोणी हरकत घेणार नाही.